१८ वर्षं पूर्ण झाली, आता बालगृह सोडा! पण जायचं कुठे?

भारतात १८ वर्षं पूर्ण झाली की मतदान करता येतं, ड्रायव्हिंग लायसन्स काढता येतं, बँकेत स्वतःच्या सहीने खातं चालवता येतं. घरी राहणाऱ्या मुलांसाठी ही यादी साधारण इथेच संपते. वय वाढलं म्हणून कुणी त्यांना घराबाहेर काढत नाही.

बालगृहात वाढलेल्या मुलामुलींच्या यादीत मात्र आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे राहती जागा सोडणं. कायद्याच्या भाषेत ते आता ‘बालक’ राहत नाहीत, त्यामुळे बालगृहातही राहू शकत नाहीत.

मग या मुलांसाठी पुढे काहीच नाही का? तसंही नाही. कायद्यात तरतूद आहे, दरमहा मदतीची योजना आहे, महाराष्ट्रात तर नोकरी आणि शिक्षणात १ टक्का आरक्षणही आहे. तरीही १८ ते २१ ही वर्षं या मुलांसाठी सगळ्यात अवघड ठरतात. अडतं नेमकं कुठे, ते कोल्हापूरच्या निमित्ताने समजून घेऊ.

आधी हे समजून घ्या: बालगृहात कोण असतं?

बालगृह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अनाथ मुलंच येतात. प्रत्यक्षात तिथल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. कुणाची आई एकटी आणि आजारी असते, कुणाचे वडील तुरुंगात असतात, कुणी घरातल्या मारहाणीतून सुटून आलेलं असतं, तर कुणी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं असतं. जिल्ह्याची बालकल्याण समिती चौकशी करून आदेश देते आणि मूल संस्थेत दाखल होतं.

म्हणूनच ‘१८ झाली, आता घरी जा’ हे सांगणं सोपं असलं तरी त्या घरात परत जाता येत नाही म्हणून तर मूल संस्थेत आलेलं असतं.

हा आकडा किती मोठा आहे? महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरातल्या संस्थांची पाहणी केली होती. २०१८ मध्ये आलेल्या त्या अहवालात ९,५८९ संस्था आणि त्यांत राहणारी ३,७०,२२७ मुलं नोंदवली गेली. यातलं प्रत्येक मूल कधीतरी १८ वर्षांचं होणार असतं.

आणखी एक गोष्ट. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख अनेकदा कुणालाच माहीत नसते. अशा वेळी बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार वय ठरवलं जातं. आधी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला पाहतात, तो नसेल तर वैद्यकीय तपासणी करतात. समितीने नोंदवलेलं वय या कायद्यापुरतं खरं मानलं जातं. म्हणजे काही मुलांच्या बाबतीत ज्या तारखेला डोक्यावरचं छप्पर जातं, ती तारीखच अंदाजाने ठरलेली असते.

कायदा काय म्हणतो?

‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५’ या कायद्यात संस्था सोडल्यानंतरच्या मदतीसाठी एक शब्द आहे: अनुरक्षण. इंग्रजीत याला आफ्टर केअर म्हणतात. १८ पूर्ण झालेल्या पण २१ पूर्ण न झालेल्या, संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांना आर्थिक किंवा इतर आधार देणं, अशी त्याची व्याख्या आहे.

याच कायद्याचं कलम ४६ सांगतं की १८ वर्षं पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजात मिसळता यावं म्हणून आर्थिक मदत ‘देता येईल’.

इथेच थांबा, कारण कळीचा मुद्दा ‘देता येईल’ या दोन शब्दांत आहे. कायद्याने ‘देण्यात येईल’ असं म्हटलेलं नाही. कायद्यात या दोन्हींत मोठा फरक असतो. ‘देण्यात येईल’ असं असतं तर मदत न मिळालेला तरुण ‘हा माझा हक्क आहे’ असं ठणकावून सांगू शकला असता. ‘देता येईल’ म्हटल्यावर निधी, अधिकाऱ्याची तत्परता आणि जिल्ह्यातली व्यवस्था यांवर सगळं अवलंबून राहतं. एखाद्या जिल्ह्यात मदत मिळते, शेजारच्या जिल्ह्यात मिळत नाही. आणि नाही मिळाली तरी कायदा मोडला, असं म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे, काय करायला हवं हे सरकारला माहीत नाही असं अजिबात नाही. या कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत सगळं लिहून ठेवलंय:

– ६ ते ८ तरुणांच्या गटाने एकत्र राहण्यासाठी तात्पुरती घरं
– व्यवसाय प्रशिक्षण सुरू असताना विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती
– नोकरी लागेपर्यंत आधार
– नियमित भेटून बोलणारा समुपदेशक
– स्वतःचा उद्योग सुरू करायचा असेल तर कर्ज मिळवायला मदत
– अपवादात्मक परिस्थितीत ही मदत २१ ऐवजी २३ वर्षांपर्यंत

मूल संस्थेतून बाहेर पडण्याआधी २ महिने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करण्याची तरतूदही या नियमांत आहे. पण २ महिने खरंच पुरतात का? कॉलेजचा प्रवेश, राहण्याची सोय, आधार कार्ड, बँक खातं, दाखले हे सगळं ६० दिवसांत? ज्यांनी आपल्या आईवडिलांच्या मदतीने हे केलंय, त्यांनी एकदा आठवून पाहावं.

महिन्याला ४,००० रुपये: हिशोब मांडून बघा

केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्याआधीच्या योजनेत ही रक्कम २,००० रुपये होती, म्हणजे दुप्पट झाली. हा बदल चांगलाच आहे.

पण ४,००० भागिले ३० केलं तर दिवसाला १३३ रुपये होतात. यात कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं, मेसचं दोन वेळचं जेवण, बसचा पास, मोबाइलचा रिचार्ज, परीक्षा फी आणि ताप आला तर डॉक्टर, हे सगळं बसवायचं. शिवाय खोली घेताना डिपॉझिट एकरकमी लागतं, ते या हिशोबात कुठेच येत नाही.

मग शिक्षण सोडून आधी काम धरलं जातं. कोल्हापुरात काम मिळणं तसं कठीण नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, इचलकरंजीत यंत्रमाग आहेत, हुपरीत चांदीकाम आहे, गांधीनगरला कापडाची बाजारपेठ आहे. हेल्पर म्हणून उभं राहायला १८ वर्षांचा धडधाकट मुलगा चालतो. प्रश्न असा आहे की हेल्पर म्हणून लागलेला मुलगा पुढे आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण करू शकतो का? शिफ्ट सांभाळून, भाडं भागवून, पाठीशी कुणी नसताना ते जमवणारे थोडे असतात.

शाळेचं कॅलेंडर आणि कायद्याचं कॅलेंडर जुळत नाही

वेळेवर शाळेत गेलेलं मूल साधारण १८ व्या वर्षी बारावी होतं. पदवी २१ व्या वर्षी, चार वर्षांचा इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी नर्सिंगचा कोर्स २२ व्या वर्षी पूर्ण होतो. हे सगळं सरळ घडलं तर!

संस्थेत येणाऱ्या अनेक मुलांची शाळा मध्येच सुटलेली असते. कुणी वीटभट्टीवर असतं, कुणी रस्त्यावर, तर कुणाच्या दोन-तीन संस्था बदललेल्या असतात. ती मुलं वर्ष-दोन वर्षं मागे असणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे १८ व्या वर्षी ती अकरावी-बारावीत असतात आणि २१ व्या वर्षी पदवीच्या मध्यावर. पहिल्या तारखेला घर जातं, दुसऱ्या तारखेला मदत थांबते आणि दोन्ही तारखा परीक्षेच्या आड येऊ शकतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. संस्थेत वाढलेल्या मुलीचं थाटात लग्न लागल्याच्या बातम्या आपण आनंदाने शेअर करतो. त्या मुलीची तशी इच्छा असेल तर आनंदच आहे. पण बाहेर राहण्याची सुरक्षित सोय नाही म्हणून लग्न हाच ‘पुनर्वसनाचा’ मार्ग उरत असेल, तर तिला खरंच निवड मिळाली असं म्हणता येणार नाही.

मग १ टक्का आरक्षणाचं काय?

हा निर्णय कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. गोव्यातल्या एका संस्थेत वाढलेली तरुणी १८ व्या वर्षी बाहेर पडून पुण्यात आली. मिळेल ते काम करत शिकली आणि २०१७ मध्ये एमपीएससीच्या परीक्षेला बसली. महिलांच्या कट-ऑफपेक्षा जास्त गुण मिळूनही तिची निवड झाली नाही, कारण नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र नव्हतं. आईवडीलच माहीत नाहीत तर त्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणणार कुठून? तिने तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने अनाथांसाठी १ टक्का आरक्षणाला मंजुरी दिली आणि एप्रिल २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला. पुढे ऑगस्ट २०२१ आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाल्या.

या आरक्षणाचं महत्त्व मोठं आहे. ज्याची जातच माहीत नाही त्याला जातीचा दाखला मिळत नाही, आणि ज्याला कुटुंब नाही त्याला कौटुंबिक उत्पन्नाचा दाखला मिळत नाही. सरकारी फॉर्ममध्ये ज्यांच्यासाठी रकानाच नव्हता, त्यांच्यासाठी तो तयार झाला.

पण दोन अडचणी उरतात. पहिली कागदाची. आरक्षणासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते महिला व बालविकास विभागाच्या विभागीय उपायुक्तांकडून मिळतं. कोल्हापूरच्या मुलांसाठी विभाग म्हणजे पुणे. ‘अनाथ’ कुणाला म्हणायचं यावरूनही वाद झाले. जन्मदात्यांनी सोडून दिलेल्या मुलींना हे प्रमाणपत्र मिळत नसल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ मध्ये न्यायालयाने अनाथ आणि सोडून दिलेली मुलं यांच्यात असा भेद कशासाठी, असा सवाल सरकारला केला.

दुसरी अडचण काळाची. आरक्षणाचा फायदा पदवी हातात असलेल्याला, स्पर्धा परीक्षेची दोन-तीन वर्षं तयारी करू शकणाऱ्याला मिळतो. तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ता १८ ते २२ या वर्षांतूनच जातो. ती वर्षं निभावली नाहीत तर आरक्षणाची जागा समोर असूनही अर्ज करता येत नाही.

कोल्हापूरला हे नवीन नाही

कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांगच लागली.

त्यामागचा विचार साधा होता. खेड्यातून आलेल्या गरीब मुलाची फी माफ केली तरी तो शिकेलच असं नाही. रात्री झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं तरच तो शहरात टिकेल. शिवाजी विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेमागेही हीच समज आहे.

याच शहरात मंगळवार पेठेत बालकल्याण संकुल आहे. ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव आहे कोल्हापूर जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटना. अशा नावाच्या संघटना महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत आहेत. म्हणजे संस्था उभ्या करणाऱ्या लोकांना तेव्हाच कळलं होतं की मुलाला सांभाळणं हे निम्मं काम आहे आणि बाहेर पडल्यावर त्याच्या मागे उभं राहणं हे उरलेलं निम्मं. ‘अनुरक्षण’ हा शब्द पाटीवर इतकी वर्षं आहे, पण कायद्यात तो आजही ऐच्छिक आहे.

राज्यात १८ वर्षांवरच्यांसाठी शासकीय अनुरक्षणगृहं आहेत, पण मोजक्याच जिल्ह्यांत. कोल्हापुरातल्या कॉलेजात किंवा आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाला दुसऱ्या जिल्ह्यात जागा मिळाली तर त्याचं कॉलेज, मित्र आणि जिथे हाक मारता येईल अशी माणसं सगळं मागे राहतं.

ज्यांनी १८ ची रेषा मानली नाही

दिवंगत सिंधुताई सपकाळ यांनी आपल्या मुलांना १८ पूर्ण झाल्यावर बाहेर काढायला नकार दिला होता. मुलं स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर यांनी तर हीच मागणी आयुष्यभर लावून धरली. त्यांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळलं, अनेकांना स्वतःचं नाव दिलं. बेवारस दिव्यांगांना १८ नंतरही संस्थेत राहू देणारा कायदा करा, असं ते सांगत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन तरुणी १८ नंतरही शिकत राहिली आणि एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली.

या गोष्टी व्हायरल होतात आणि व्हायलाही हव्यात. पण त्यातून एक प्रश्न विचारायला हवा: ज्या मुलाच्या वाट्याला सिंधुताई किंवा शंकरबाबा आले नाहीत, त्याचं काय?

सरकारची बाजू काय?

१८ ची मर्यादा निव्वळ कठोरपणातून आलेली नाही. ६ वर्षांच्या आणि २० वर्षांच्या व्यक्तींना एकाच इमारतीत ठेवणं लहान मुलांच्या सुरक्षेसाठी योग्य नाही, हा मुद्दा खरा आहे. खाटा मर्यादित आहेत, नवी मुलं येतच असतात. कायमचं संस्थेत राहिल्याने परावलंबित्व वाढतं, हेही खरं आहे.

पण याचं उत्तर ‘बालगृहातच ठेवा’ असं नाही. उत्तर नियमांतच आहे: बाहेर, वेगळी, ६ ते ८ जणांची घरं.

आणि १८ ते २३ ही वर्षं नाजूक असतात हे सरकारने दुसरीकडे मान्यही केलंय. कोरोनात पालक गमावलेल्या मुलांसाठी मे २०२१ मध्ये ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ योजना जाहीर झाली. त्यात १८ ते २३ या वयात दरमहा विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी १० लाख रुपये अशी तरतूद आहे. आईवडील कोरोनाने गेलेल्या मुलाला २३ पर्यंत आधार लागतो, हे पटत असेल तर ज्याचे आईवडील अपघातात गेले किंवा कधी दिसलेच नाहीत, त्याची गरज वेगळी कशी?

बाहेरच्या देशांतही हा धडा उशिराच शिकला गेला. इंग्लंडमध्ये २००० साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आता तिथे संस्थेतून किंवा पालक-कुटुंबातून बाहेर पडलेल्या तरुणाला २५ वर्षांपर्यंत स्थानिक प्रशासनाकडून एक सल्लागार मिळू शकतो. घर, शिक्षण, नोकरी अशा कोणत्याही अडचणीत फोन करावा असं ते एक ठरलेलं माणूस.

काय बदललं तर फरक पडेल?

पहिलं, कलम ४६ मधलं ‘देता येईल’ बदलून ‘देण्यात येईल’ करणं. यासाठी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागेल.

दुसरं, आराखडा २ महिने नव्हे तर २ वर्षं आधी, म्हणजे १६ व्या वर्षी सुरू करणं. आधार, बँक खातं, वयाचा आदेश, अधिवास, अनाथ प्रमाणपत्र ही सगळी कागदपत्रं १८ च्या आत हातात पडायला हवीत. यासाठी कायदा बदलायची गरज नाही, जिल्हा पातळीवर ठरवलं तरी होईल.

तिसरं, वयाऐवजी कोर्स पाहणं. जो शिकतोय त्याला शिक्षण पूर्ण होईपर्यंत मदत. नियमांतली २३ वर्षांची सवलत अपवाद न राहता शिकणाऱ्यांसाठी नियम व्हावी.

चौथं, संस्थेबाहेर वाढलेल्यांना यात घेणं. आजी किंवा मामाकडे वाढणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपये देते, पण तीही १८ लाच थांबते. आणि अनुरक्षणाची व्याख्या फक्त संस्थेतून बाहेर पडलेल्यांबद्दल बोलते.

पाचवं, जागा. कोल्हापुरात शासकीय वसतिगृहं आहेत, विद्यापीठ आणि कॉलेजांची वसतिगृहं आहेत, समाजांची जुनी बोर्डिंग आहेत. प्रत्येक ठिकाणी या मुलांसाठी दोन-चार खाटा राखून ठेवल्या आणि फॉर्मवर ‘पालकांची सही’ या रकान्यात जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याची सही चालेल असं ठरवलं, तर नवी इमारत न बांधताही सुरुवात होऊ शकते.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर?

मूल १८ च्या आत असेल तर बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे त्याच्या पुढच्या आराखड्याबद्दल आत्ताच विचारा. १८ पूर्ण झाले असतील तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अनुरक्षणाच्या मदतीसाठी आणि अनाथ प्रमाणपत्रासाठी लेखी अर्ज करा, त्याची पोच घ्या. संस्थेत राहिल्याचा समितीचा आदेश आणि शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. पुढचा जवळपास प्रत्येक कागद या दोन कागदांवर अवलंबून असतो.

आणि तुमच्याकडे भाड्याने द्यायची खोली असेल, तर ‘घरचे कोण?’ या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला लगेच नाही म्हणू नका. सरकारी मदत सुरू झाली तरी ती वापरायला आधी राहण्याचा पत्ता लागतो.